टिटवीचे चार दोर

प्रिय मोठेबाबा,

पाया पडते.

उद्या पोळा हाये. घरी पुरणाची डाळ निवडून झाली, दाराले लावाचे पळसाचे मेढे आणून ठेवले, अन मी अठी तुमच्या तराफ्यावर मांडी घालून लिवून राहिली. तुमाले तं ठाव हाये, मले तोंडानं सांगता येत नाई. चार मानसं दिसले का माह्या गळ्यात बोळा बसते. म्हणून लिवते. आज असं काही झालं का कोणाले सांगतल्याबिगर मले घास उतरणार नाई. दुसरं कोणी असतं तं म्हणलं असतं, चार दोरायसाठी पोट्टी एवढी काहून हरकली? तुमी नाई म्हणणार.

टिटवी बांधली, मोठेबाबा! तुमची बोट नीट बांधली. तुमी बांधत तशी.

तुमी गेले तवा हिवाळा व्हता. तेरवीलोक टिटवीकडं कोणाचं ध्यानच नाई गेलं. मंग पाहुणे गेले, घर सुनं झालं, अन एका संध्याकाळी खालून धरणाच्या पाण्याकडून आवाज आला. ठक. जराशानं पुन्हा, ठक. टिटवी तराफ्याच्या निळ्या ड्रमाले टकरा देऊन राहिली व्हती.

मोठीमाय चुलीपाशी भाकर थापत व्हती. तिचा हात तसाच थांबला. तिनं तुमच्या बाजेकडं पाह्यलं. बाज भिताडाले उभी करून ठेवली व्हती.

तुमी असतानी असा आवाज आला का तुमी ताटावरून उठत. “आलो व टिटवे, आलो,” म्हणत अन हात न धुताच उतारानं खाली जात. एक दोर जराक सोडत, एक जराक ओढत, आवाज बंद. वापस येऊन थंडगार भाकर खात. मोठीमाय म्हणे, “मी हाक मारली असती तं इतक्या लवकर उठले नसते!” अन तुमी हासत. आठवते ना?

“आवाज आला का मानूस उठाचा,” मोठीमाय मले एकडाव म्हणली. “आता आवाज येते, मानूस उठत नाई. मले नाई ऐकवत व वैशू.”

उन्हाळ्यात वादळ-वावधान आलं अन तुमचे जुने दोर तुटले. तुटणारच व्हते, उन्हानं त्यायचा भुसा झालता. टिटवी त्या काठाले गाळात जाऊन रुतली. बाबानं दोन गडी घेऊन ओढून आणली. तुमचा लहान भाऊ कसा हाये तुमाले सांगाले पायजे काय? बैलासारखी बांधली त्यायनं! नाकाले एक दावं, तराफ्याच्या खुंटाले दोन वेढे, वरतून गाठ. झालं.

“बाबा, एकाच दाव्यावर?” मी म्हणलं.

“अव, बैल दिवसभर एका दाव्यावर उभा राहते. हे तं लाकूड हाये. याले कोठी चरायले जाचं हाये?”

मलेही पटलं. आपल्या गावात बांधाची अक्कल सारी बैलाचीच. आता घरोघरी ट्रॅक्टर हाये, तरी हात खुंट्याचाच वेढा घेते.

पण आवाज वाढला. पाऊसपाणी लागलं, धरण चढू लागलं, वारा दररोज संध्याकाळी सुटे. ठक, ठक, ठक. मोठीमाय टीव्हीचा आवाज मोठा करे. मंग टीव्ही बंद करून देवापाशी बसे. एक दिवस जेवणावरून उठली अन बाबाले म्हणली, “भाऊजी, मिस्त्रीले सांगून द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले, ये म्हणा अन टिटवीच्या फळ्या काढून ने. त्याले कोंबड्याचं खुराडं कराचं हाये म्हणे. चांगलं हाये. कोंबड्या तरी झोपतीन.”

बाबानं नुसती मान हालवली. मी तं गपच असते.

मोठेबाबा, टिटवीचं खुराडं! तुमाले सांगू? मी नववीत शाळा सोडली तवा समद्यायनं मले काही ना काही म्हणलं. मास्तरनं, मामानं, शेजारणीनं. उभं राहून धडा वाचा म्हणलं का माह्या तोंडून एक शब्द निंघत नव्हता, अन पोट्टे दात काढत. तुमी एवढंच म्हणले, “चाल, शीड धरते काय?” बस. टिटवीत तुमी मले कधी बोल म्हणलं नाई. तुमी बोट दाखवत, मी दोर ओढे. शीड फुगे. मंग पाण्याच्या मधात गेल्यावर माह्या तोंडाले अशी टकळी लागे का तुमीच म्हणत, “थांब व, वाऱ्यालेही बोलू दे!”

मले बोलाले जागा तीच एक व्हती. तिचं खुराडं होणार व्हतं.

म्हणून मी ठरवलं. आवाज बंद केला तं टिटवी वाचते. दुसरं काही कराचं नाई, नुसता चांगला दोर आणाचा. माह्यापाशी फॉल-पिकोचे पैसे व्हते. काळीपिवळीत बसून एकटी परतवाड्याले गेली. एकटी! तुमचा विश्वास बसते काय?

बसू नका. काहून का मी माती खाल्ली.

बजारात पोळ्याची गर्दी. दोरवाल्या चाचाच्या दुकानात कासरे, वेसणी, मटाट्या, घुंगरं, रंगाच्या पुड्या. पाच-सहा शेतकरी उभे. चाचानं मले विचारलं, “बोलो बेटा, पोळे के लिए? बैल को?”

माह्या गळ्यात बोळा बसला. मी मान हालवली.

झालं! चाचानं दुकानातला सगळ्यात सुंदर सुती दोर काढला. पांढरा सफेद, मऊ, मनगटाएवढा. हात फिरवला का जीव खूश. आपल्या कापसाच्या मुलखात सुती दोराले कोण नाव ठेवीन? मले वाटलं, एवढा जाड हाये, टिटवी जागची हालणार नाई. मी मान हालवतच तो घेऊन आली, अन बाबाच्या एका दाव्याच्या जागी तो एकच बांधला. पण आवळून बांधला.

पयल्या दिवशी आवाज आला नाई. मी मनात नाचली.

दुसऱ्या दिवशी पाणी पिऊन दोर असा आकसला का टिटवीचं नाक तराफ्याले चिपकलं अन शेपटी वाऱ्यानं बाहेर गेली. गाठ फुगून दगड झालती. मी नखं मोडून घेतले, सुटली नाई. मंग संध्याकाळी वाऱ्याचा झोत आला, अन ठक नाई, मोठेबाबा, फाट्टकन! तुमी सागाची बसवलेली नाकाची खुंटी पाटासकट उखडली. टिटवी एका कोपऱ्यावर लटकली अन ड्रमावर आपटू लागली, धाड धाड.

मोठीमाय विळा घेऊन खाली आली. वहाणाही घातल्या नव्हत्या तिनं. मले वाटलं टिटवीलेच हाणते. तिनं त्या सुंदर दोराची गाठ कचाकच कापली अन मले म्हणली, “बैलाचा दोर बैलाले शोभते. हे बैल हाये काय? बैलाले पाय राहतात! यंदा करीले जाते म्हणजे जाते हे.”

अन वर जाताजाता थांबून म्हणली, “त्यायनं कधी असा आवळला नव्हता.”

तेवढंच. पण मले ते लागलं अन कामी बी पडलं. बैलाले पाय राहतात. टिटवीले कोठी पाय हाये? तिच्याखालची जमीनच हालते.

मी तराफ्यावर बसली अन आठवू लागली. तुमी कसं करत? मले शीड धराचंच काम व्हतं, बांधाचं तुमी करत, अन मी तवा धरणाकडं पाहत बसे. अशी कशी मी! तराफ्याच्या खुंट्यायले तुमच्या जुन्या दोराचे तुकडे अजून चिपकून व्हते. एक पुढं, एक मागं, अन मधातल्या खुंटाले दोन. मधात दोन काहून? मी टिटवीच्या खुंट्यांवर पाह्यलं, तठी दोराचे घट्टे व्हते. नाकाच्या खुंटीवर दोन घट्टे, एक पुढं जाणारा, एक मागं. शेपटीच्या खुंटीवर बी दोन.

मंग माह्या ध्यानात आलं. दोन दोर तिरपे व्हते! एक नाकापासून मागं मधातल्या खुंटाले. एक शेपटीपासून पुढं त्याच खुंटाले. एक तिले पुढं सरकू देत नाई, दुसरा मागं. जुवाले दोन्ही बाजूनं शिवळा राहतात ना, बैलाची मान इकडंबी जात नाई अन तिकडंबी, तसं. तुमी लटकवलेला स्कूटरचा टायर जागेवरच व्हता, मोठेबाबा. पण एका दाव्यावर टिटवी टायरासमोर उभीच राहत नव्हती. पुढं सरके, मागं सरके अन उघड्या ड्रमाले टक्कर दे. एवढी सोपी गोष्ट! तुमी मोबाईलवर त्या परदेशी गोऱ्यांचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहत, “भाषा कोठी समजते, हात पाहाचे,” म्हणत. मी तुमचे हात काहून नाई पाह्यले?

अन दोर कोणता? तेही आठवलं. तुमी दोर हातात घेतला का दोन्ही मुठीत धरून ओढत, अन कानापाशी नेत. मी म्हणे, “काय ऐकता?” तुमी म्हणत, “श्वास घेते काय पाहून राहिलो. ताण आला का जराक लांबला पायजे, अन ताण गेला का वापस आला पायजे. जो लांबत नाई तो खुंटी उपटते.” मले तवा तुमची गंमत वाटे.

उखडलेली खुंटी बाबानं नटबोल्ट घालून बसवून देली. पाना ठेवताना एवढंच म्हणले, “बोल्ट आरपार टाकले. आता दादा आला तरी हालवू शकत नाई.” अन तोंड फिरवलं.

माप घ्याचं व्हतं. घरी टेप सापडला नाई, म्हणून मोठीमायचं वाळत घातलेलं लुगडं ओढून नेलं. टिटवी बरोबर अर्ध्या लुगड्याची भरली. वरून मोठीमाय ओरडली, “काय व, आता नेसवतं काय तिले?” मी सुतळीले तेवढ्या मापाची गाठ मारून घेतली. तिरपे दोन दोर टिटवीएवढे, नाकाशेपटीचे त्याच्याहून आखूड. अन फासाले, गाठीले वरतून जास्तीचा.

मंग पुन्हा परतवाडा.

सारा रस्ता मी मनात एकच शब्द घोकत व्हती. बोट, बोट, बोट. शेजारच्या बाईनं विचारलं, “कोठी जातं व पोरी?” तं माह्या तोंडून “बोट” निंघाला असता!

चाचानं मले ओळखलं. “आओ बेटा. क्या हुआ? बैल को पसंद नहीं आया दोर?”

“बैल नाई,” मी म्हणलं.

“तो गाय?”

“नाई.”

बाजूले एक फेटेवाले बुढे आजोबा बैलाच्या तोंडाले बांधाचे मुंगसं पाहत व्हते. ते म्हणले, “म्हैस असन. पोट्टी लाजून राहिली.”

सगळे हासले. माह्या कानाले आग लागली. मी उंबऱ्याकडं पाह्यलं मोठेबाबा, खरं सांगते, पळणारच व्हती. मंग खुराडं आठवलं.

“बोट हाये,” मी म्हणलं. केवढ्यानं म्हणलं! रस्त्यावरचा घुंगरंवाला वळून पाहू लागला.

“बोट?” चाचानं चष्मा वर केला. “परतवाड़े में समुंदर कब आया भाई?”

“आमच्या धरणावर हाये. शिडाची. माह्या मोठ्याबाबानं बनवली.”

फेटेवाले आजोबा म्हणले, “अन पोळ्याले तोरणाखाली उभी करता काय तिले?”

“हो,” मी म्हणलं. “बैल इकल्यापासून आमच्या घरी तिचाच पोळा राहते.”

“मंग शिंगं रंगवता का नाई?”

“शीड रंगवतो.”

पुन्हा सगळे हासले. पण या टायमाले मी बी हासली. अन गळ्यातला बोळा कोठी गेला कोणास ठाव!

मंग मी तासभर चाचाचं डोस्कं खाल्लं. चार जातीचे दोर काढाले लावले. प्यायच्या पाण्याचा लोटा मागतला अन सगळ्यायचे टोकं बुडवले. चाचा म्हणे, “मेरी उमर गई दोर बेचने में, किसी ने दोर को पानी नहीं पिलाया!” सुती तं मले माहीतच व्हता. अंबाडीचा चांगला, पण ओला राहिला का सडते. पिवळा प्लास्टिकचा हलका, पाण्यावर तरंगते, पण हाताले कापते अन उन्हात त्याचा भुसा होते. मंग चाचानं मागून पांढरा नायलॉनचा काढला, तीन पदरी वळलेला.

“ये ट्रकवाले ले जाते. बंद गाडी खींचने को. झटका खा लेता है, तोड़ता नहीं.”

मी दोन्ही मुठीत धरला अन ओढला. लांबला. सोडला, वापस आला. मी कानापाशी नेला. चाचा अन आजोबा एकमेकाकडं पाहू लागले. पाहू द्या.

“श्वास घेते,” मी म्हणलं.

चाचा हासले नाई. त्यायनं बी दोर घेऊन ओढला, अन म्हणले, “हाँ. लेता तो है.”

ते म्हणले जाड घे, मजबूत राहते. मी म्हणलं, नाई, करंगळीएवढा बस. हलक्या बोटीले लय जाड असला तं लांबतच नाई, मंग झटका खुंटीले बसते. हे मी म्हणलं, मोठेबाबा. वैशूनं. भर बजारात. निंघताना फेटेवाल्या आजोबानं माह्या पिशवीत घुंगरं टाकले, एक जोडी. “तुह्या बोटीले,” म्हणले.

घरी आली अन पुढची पंचाईत. मेणबत्तीवर टोकं वितळवले, ते जमलं. संत्र्याच्या बगिच्यातली ठिबकची जुनी नळी आणली, तिचे तुकडे कापले, दोर जठी लाकडाले घासते तठी घालाले. तेही जमलं. पण दोराच्या टोकाले फास कसा कराचा? नायलॉन एवढा गुळगुळीत, मी गाठ मारे अन ती आपल्या मनानं सुटे. मी आज सकाळपासून ओसरीवर तेच करून राहिली व्हती. उद्या पोळा, परवा कर, परवा मिस्त्री. माह्या डोळ्यातून पाणी येऊ लागलं.

मोठीमाय आतून पाहत व्हती. किती येळची पाहत व्हती देव जाणे. डाळीचं सूप बाजूले ठेवून आली.

“काय व हे? शेळी बांधतं काय? आन इकडं.”

पोते शिवाचं दाभण आणलं तिनं. चष्मा लावला. दोर गुडघ्याखाली दाबला, टोकाचे तीन पदर उकलले, दोर वळवून फास धरला, अन दाभणानं दोराचं अंग उघडून एक पदर आत सरकवला. मंग दुसरा. मंग तिसरा. “एक सोड, एक उचल. एक सोड, एक उचल.” वेणी घालावी तसं. बोटं अशी चालून राहिली व्हती का मी रडाचं विसरली. फास तयार! वढून पाह्यला, दोर तुटन पण फास सुटणार नाई.

“मोठीमाय, तुले हे कसं येते?”

“अंबाडीचे दोर वळता वळता मोठी झाली मी. माह्या बापाच्या घरचे सारे कासरे माह्या हातचे.”

माह्या डोस्क्यात उजेड पडला. “मंग टिटवीचे जुने फास...?”

“तं काय त्यायनं केलते? त्यायच्या गाठी तं तुह्यासारख्याच. हात लावला का सुटत.”

“आमाले कोणी सांगतलं काहून नाई?”

“मीच त्यायले बजावलं व्हतं. कोणाले सांगसान तं पुरणाची पोळी भेटणार नाई. गावभर मी त्या बोटीले सवत म्हणून शिव्या देते, अन मीच तिचे दोर करते, लोक काय म्हणतीन?”

मोठेबाबा! एवढी गोष्ट तुमी पोटात ठेवली? पुरणाच्या पोळीसाठी? मी तुमच्यावर रागावली हाये, हे लिवून ठेवते. दोघं मिळून बोट बांधत व्हते अन आमाले वाटे तुमी एकटेच येडे.

दुपारून आमी दोघी खाली उतरलो. पयले नाकाचा दोर. मंग शेपटीचा. मंग दोन तिरपे. मोठीमाय वर उभी राहून हुकूम सोडे, “आवळू नको. जराक सोड. अव, तिले जराक जागा दे!” शेवटचा वेढा घातला, अन टिटवी टायरासमोर येऊन उभी राहिली, जशी काही तिले कोणी नावानं हाक मारली.

मंग आमी वाऱ्याची वाट पाहत बसलो. बाबाही काही काम नसतानी येऊन बसले.

वारा आला. धरणावरून काळी लहर पळत आली. टिटवी पुढं निंघाली, तिरपा दोर ताणला, लांबला... अन तिले हळूच वापस आणलं. मागं गेली, दुसऱ्यानं वापस आणलं. टायर नुसता कुरकुर करे. ठक नाई. एकडाव बी नाई.

मोठीमाय लय येळ पाहत राहिली. मंग म्हणली, “हालून राहिली, पण जाऊन नाई राहिली.”

अन तिनं काय केलं असन? वहाणा काढल्या. लुगडं मुठीत धरलं. मले म्हणली, “धर मले.” अन तराफ्यावरून टिटवीत पाय टाकला! टिटवी वाकली, मोठीमायनं “माय व!” केलं, माह्या मनगटात तिचे नखं रुतले. पण दोरायनं टिटवीले धरलं, अन टिटवीनं तिले. ती बसली. तुमच्या जागेवर, सुकाणूपाशी.

तुमी इतके वर्स तिले “चालतं काय पाण्यावर?” म्हणत, अन ती नाई म्हणे. मोठेबाबा, एकडाव तरी म्हणून पाह्याचं ना, का चाल, बांधलेल्या बोटीत बसू! तिले पाण्याचं भेव नव्हतं. तिले सुटाचं भेव व्हतं. तुमी दररोज तिच्याच हातच्या फासात टिटवी अडकवली, अन हे तुमाले नाई समजलं?

ती फळीवरून हात फिरवत बसली. म्हणली, “एवढंच व्हतं काय, हो?” मले नाई म्हणली. बाबाले बी नाई.

मंग बाबाकडं पाहून एकदम नेहमीच्या आवाजात, “भाऊजी, मिस्त्रीले फोन लावा. करीले ये म्हणा, पोळी खाले ये. फळ्या नाई भेटणार. कोंबड्याले दुसरं घर पाह्य म्हणा.”

बाबा लगीनघरातल्या मानसासारखे पळत वर गेले.

मी टिटवीच्या नाकाले घुंगरं बांधले. तवा मोठीमायनं पदराची गाठ सोडली. त्यात लहान वाटी व्हती, तेल-हळदीची. घरूनच आणली व्हती तिनं! म्हणजे वारा सुटाच्या आंधीच, समजलं काय तुमाले? आज खांदेमळण. आपले बैल इकले त्या साली तुमी पयल्यांदा टिटवीच्या नाकाले हळद चोळली, तवा हीच कपाळावर हात मारून म्हणली व्हती, “लाकडाले आवतन! डोस्कं फिरलं या मानसाचं.” आज ती वाकली, दोन्ही हातानं टिटवीचं नाक चोळलं, अन बैलाले म्हणते तसं म्हणली,

“आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

तिनं ते दोनदा म्हणलं. दुसऱ्यांदा टिटवीकडं पाहत नव्हती, पाण्याकडं पाहत व्हती.

आता ती वर गेली, पुरण शिजवाले. मी उजेड हाये तोवर हे लिवून राहिली. वारा अजून हाये. घुंगरं वाजून राहिले, जराक जराक. वरून धूर निंघाला. आवाज नाई म्हणून कोणी ताटावरून उठणार नाई आज.

मोठेबाबा, मी तुमाले शब्द देते. दर खांदेमळणीले मी चारही दोर हातात घेऊन कानापाशी नेईन. ज्याचा श्वास गेला तो बदलीन, त्याचा जीव जाची वाट पाहणार नाई. फास मी मोठीमायकडून शिकीन, अन ती म्हणीन तवरोक कोणाले सांगणार नाई, पोळीसाठी. चाचाच्या दुकानात मान नाई हालवणार, बोलीन. अन मोठीमायले मी पाण्यावर चाल म्हणणार नाई. दररोज बांधलेल्या टिटवीत तिच्या बाजूले बसीन. जवा ती आपल्या तोंडानं म्हणीन ना, “सोड व आता,” तवाच सोडीन. पयले तिरपे, मंग शेपटीचा, अन नाकाचा सगळ्यात शेवटी.

उद्या पुरणाचं ताट टिटवीच्या नाकापाशी ठेवून राहिलो. आवतन तुमाले भेटलं असन.

भाकर थंडी करू नका या टायमाले.

तुमची,
वैशू